घरातली आरती आणि रात्रीचे दहा

चवथीच्या दिवसांत गोव्यातल्या पेडणे-डिचोलीच्या घरांत बाहेरच्या माणसांची ये-जा सुरू असते. भटजी सकाळपासून एकेका यजमानाकडे पूजा सांगत फिरतात. संध्याकाळी वाड्यावरची मंडळी घुमट, शामेळ आणि कासाळे ही वाद्यं घेऊन आरतीला निघतात. तुळशीच्या लग्नानंतर मोसम पालटतो आणि बँडवाले, मंडपवाले, साऊंडवाले यांची धावपळ सुरू होते. काम खासगी घरात असलं, तरी कार्यक्रमांसाठीचा ध्वनिनियम तिथेही लागू होतो. तो कुठून लागतो हे यजमानाला माहीत नसतं, आणि पोलीस दारात आले की उत्तरं द्यायची वेळ वाजवणाऱ्यावर येते. मला हे अन्यायाचं वाटतं, म्हणून नियम नीट उलगडून पाहू.

मूळ नियम केंद्राचा, २००० सालचा, पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केलेला. लाऊडस्पीकर लावायचा तर लेखी परवानगी हवी, असं तो म्हणतो. तो मैदानात लावला की स्वतःच्या अंगणात, असा फरक त्यात नाही. भटजींच्या तोंडच्या मंत्रांना किंवा दिवसा माईकशिवाय वाजणाऱ्या घुमटाला ही परवानगी लागत नाही. भटजींसमोर माईक ठेवून मंत्र वाड्यावर ऐकवायचे ठरवले, की मात्र लागते.

दुसरी अट आवाजाच्या पातळीची. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. म्हणजे दिवसा कुंपणापाशी ६०. समोरासमोर बसून दोन माणसं बोलतात तो आवाज साधारण एवढाच असतो. अंगणातला मोठा स्पीकर हा आकडा सहज ओलांडतो. इथे यजमानाने साऊंडवाल्याला एकच गोष्ट सांगावी: स्पीकरची तोंडं घराकडे वळव आणि आवाज कुंपणापाशी उभा राहून ऐक.

खरी अडचण रात्री दहानंतर येते. दहा ते सकाळी सहा या वेळेत लाऊडस्पीकर बंद, आणि २०१० च्या दुरुस्तीने त्यात वाद्यंही आली. म्हणजे घुमटही. सूट आहे ती बंदिस्त जागेला, आणि नियमात उदाहरणं आहेत सभागृह, परिषदगृह, समाजगृह, मेजवानीचं दालन अशी. आता चवथीच्या रात्रीचं गोव्याचं घर डोळ्यांसमोर आणा: गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधलेली, दारं-खिडक्या सताड उघड्या, निम्मी माणसं बाहेर पडवीत. याला बंदिस्त म्हणायचं का? माझ्या मते दारं लावून चार-दोन माणसांनी म्हटलेली आरती आणि पडवीतून वाड्यावर घुमणारा गजर यांत फरक करायला हवा. पण नियमाच्या शब्दांत घराचा उल्लेखच नाही.

त्यात गणपती बहुतेक घरांत दीडच दिवस. सगळ्या घरांना आरतीची तीच मंडळी त्याच संध्याकाळी हवी असतात. पूर्वी रात्र पुढे सरकवून हे जमायचं. आता दहाला थांबायचं म्हटलं, तर शेवटची घरं राहतात. यासाठी नियमात एक वाट आहे. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस दहाऐवजी बारापर्यंत मुभा देऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये हा अधिकार मान्य केला, पण शांतता क्षेत्र, म्हणजे रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर, त्यातून वगळला. ही मुभा उत्सवाची आहे, एखाद्या घरच्या लग्नाची नाही. जाहीर झालेल्या दिवसांबाहेर लग्न असेल, तर बँड आणि स्पीकर दहालाच थांबतात, आणि ज्याचा मोबदला तासांवर ठरतो त्याची कमाई तिथेच कापली जाते.

हा नियम नकोच, असं मात्र मी म्हणणार नाही. पेडण्याच्याच किनाऱ्यावर मोरजी-आश्वे भागात रात्रीच्या पार्ट्यांच्या आवाजाबद्दल तक्रारी होत आल्या आहेत, आणि मोरजीच्या वाळूत समुद्री कासवं अंडी घालायला येतात. आजारी माणसाला झोप हवी असते, मग आवाज क्लबाचा असो की शेजारच्या लग्नाचा.

लग्नात गाणी वाजवण्याच्या हक्काचा गोंधळ वेगळा. लग्नसोहळ्यात वाजवलेलं संगीत हा कॉपीराइटचा भंग नाही, असं कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. त्या आधारावर गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये परिपत्रक काढलं, आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केलं. रद्द झालं ते परिपत्रक. कलम जागेवर आहे.

घुमटावर आणखी एक कायदा आहे. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं चढवत. वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण असल्यामुळे आता बकरीचं चढवतात, आणि तेच घुमट २०१९ मध्ये गोव्याचं वारसा वाद्य ठरलं. आरतीला बोलावताना वाद्य कोणत्या कातड्याचं, हे विचारायला संकोच करू नये.

उरतं ते नियोजन. स्पीकर लागणार असेल तर परवानगी कोण काढणार, हे सुपारी देतानाच ठरवावं आणि कागदाची प्रत वाजवणाऱ्याच्या हाती द्यावी. वाड्याने आरतीचा क्रम आदल्या दिवशी लावावा: जिथे तान्हं मूल किंवा आजारी माणूस आहे ती घरं आधी, ज्यांचा गणपती आतल्या खोलीत आणि दारं लावता येतात ती शेवटी.