भाषा एका वाटेने, वंश दुसऱ्या

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला केशोरीचा जंगलपट्टा हा गोंडांचा मुलूख. त्यांची गोंडी भाषा तेलुगू, तमिळच्या द्रविड कुळातली. तेव्हा गोंडांचं रक्ताचं नातंही दक्षिणेशीच असणार, असं कुणालाही वाटेल. डीएनए मात्र वेगळं सांगतो.

मायटोकॉन्ड्रियातला १६,५६९ अक्षरांचा डीएनए आईकडून मुलांना मिळतो. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं. नक्कल होताना क्वचित एखादं अक्षर बदलतं आणि तो बदल पुढच्या वंशजांत उतरतो. हीच जनुकीय खूण. दूरदूरच्या दोन गटांत ती सापडली, की त्यांचा पूर्वज कधीकाळी एक होता असं समजतं. पण दहा पिढ्या मागे गेलं तर वंशावळीत १,०२४ जागा होतात आणि या दोन वाटांवर भेटतात फक्त दोघं. म्हणून आता सगळ्याच गुणसूत्रांवरच्या लाखो खुणा एकत्र तपासतात.

जनुकशास्त्रज्ञ ज्ञानेश्वर चौबे, के. थंगराज आणि सहकाऱ्यांनी चार वेगवेगळ्या भागांतल्या गोंडांचा असा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. गोंडांची जवळीक इतर द्रविड भाषकांपेक्षा मुंडा या वेगळ्या कुळातल्या भाषा बोलणाऱ्यांशी जास्त निघाली. मेळघाटातले कोरकू या मुंडा भाषकांपैकीच. मुंडा पुरुषांच्या वाय गुणसूत्रावर ‘एम ९५’ ही आग्नेय आशियाशी नातं सांगणारी खूण मोठ्या प्रमाणात आढळते. त्यांचे मातृवंश मात्र बहुतांशी भारतीय. म्हणजे काही हजार वर्षांपूर्वी पूर्वेकडून मुख्यतः पुरुष आले आणि त्यांनी इथल्याच बायकांशी संसार थाटले.

मुलूख बदलला तरी जनुकं टिकतात, याचं उदाहरण अर्जुनी मोरगाव तालुक्यातच आहे. तिथे गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नॉर्गेलिंग वसाहत आहे. तिबेटी लोकांत ‘ईपीएएस १’ जनुकाचं एक खास रूप सर्रास आढळतं. विरळ हवेत ते हिमोग्लोबिन बेसुमार वाढू देत नाही. हे रूप डेनिसोव्हा या लुप्त मानवगटाकडून आल्याचं २०१४ मध्ये दिसून आलं. धानाच्या या सपाट मुलखात त्याची गरज नसली, तरी ते पुढच्या पिढ्यांत उतरतच राहील.

भाषा दोन-तीन पिढ्यांत बदलू शकते, जनुकं तशी टाकून देता येत नाहीत. म्हणून गोंडांच्या बाबतीत दोन शक्यता उरतात: पूर्वजांनी भाषा बदलली किंवा भाषा टिकवून ते शेजाऱ्यांशी मिसळत गेले. निवाडा करायला जनुकशास्त्रज्ञासोबत भाषाशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्वज्ञही लागतात.