विसरभोळा सर्व्हर

लखनौच्या हजरतगंजात, वरच्या मजल्यावर माझ्या भाच्याचं छोटं ऑफिस आहे. चार जण घरांचे नकाशे काढतात आणि ते सगळे नकाशे मागच्या खोलीतल्या एका जुन्या संगणकावर राहतात. त्याला तिथे नुसतं ‘सर्व्हर’ म्हणतात. गेल्या खेपेला मी गेलो तेव्हा भाचा लॅपटॉपसमोर डोकं धरून बसला होता.

“मामा, सर्व्हर चालू आहे, पिंग जातंय, बाकीच्या तिघांना फाइली दिसतायत. मला मात्र हे येतंय.”

माउंटच्या, म्हणजे सर्व्हरवरच्या फाइली इथे जोडून घेण्याच्या, कमांडखाली एकच ओळ होती: ‘नो सच डिव्हाइस’. केबल बदलून झाली होती, स्विच बंद-चालू करून झाला होता. दोष निघाला लॅपटॉपच्या पोटात. जुनं मशीन हलकं चालावं म्हणून त्याने लिनक्सचं कर्नेल, म्हणजे त्याचा गाभा, स्वतः बांधलं होतं, नको ते सगळं वगळून. त्या छाटणीत एनएफएस, म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टिम, उडालं होतं. दुसऱ्या संगणकावरच्या फाइली आपल्या म्हणून दाखवण्याची विद्याच त्या कर्नेलला शिकवलेली नव्हती.

आम्ही मेन्यूकॉन्फिग उघडलं. निळ्या पडद्यावर कर्नेलच्या हजारो पर्यायांची यादी येते. त्यात ‘फाइल सिस्टिम्स’, आत ‘नेटवर्क फाइल सिस्टिम्स’, आणि त्यात ‘एनएफएस क्लायंट सपोर्ट’. शेजारचा कोनी कंस रिकामा होता. तिथे एम दाबलं तर हा भाग वेगळं मॉड्यूल म्हणून तयार होतो आणि लागेल तेव्हा कर्नेलमध्ये येतो. वाय दाबलं तर कंसात चांदणी उमटते आणि तो कर्नेलचाच भाग होतो. एरवी एम पुरतं. पण ज्या मशीनला स्वतःची डिस्कच नाही, ज्याची मूळ फाइल सिस्टिमही नेटवर्कवर आहे, त्याचं काय? मॉड्यूल त्या दूरच्या डिस्कवर आणि तिथे पोचायला तेच मॉड्यूल हवं. किल्ली घरात आणि कुलूप दाराला! म्हणून ‘रूट फाइल सिस्टिम ऑन एनएफएस’ हा पर्याय क्लायंटपुढे चांदणी असेल तरच निवडता येतो. खाली एनएफएसच्या आवृत्त्यांचे वेगळे कंस होते. सर्व्हर जुना, म्हणून आम्ही तिसरी आवृत्ती घेतली.

ही निवड केली की कर्नेल आपणहून आणखी एक भाग सोबत घेतं. त्याचं नाव सन-आरपीसी. त्या नावातली सन कंपनी 2010 साली ओरॅकलने विकत घेतली, पण कर्नेलमध्ये ती अजून नांदते आहे. 1982 साली ती उभी करणाऱ्यांत पुण्यात जन्मलेले विनोद खोसला होते. तेव्हा डिस्क महाग होत्या, आणि सनला असे संगणक विकायचे होते ज्यांना नेटवर्क हाच जणू शेजारच्या खोलीकडे जाणारा दरवाजा असेल. सनमधल्या रसेल सँडबर्ग, स्टीव्ह क्लायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 साली एनएफएसच्या रचनेवर निबंध मांडला.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती कर्नेलच्या आत एक आडवी रेघ ओढण्याची. रेघेच्या वर फक्त ‘उघड, वाच, लिही’ या मागण्या. खाली त्या पुऱ्या करणारे अनेक: एक डिस्कवरून वाचणारा, एक पेन ड्राइव्हवरून, एक नेटवर्कच्या तारेवरून. वरच्याला खालचा कोण ते कळतही नाही. म्हणून एनएफएस जन्माला येण्याआधी लिहिलेला प्रोग्रामही मागच्या खोलीतला नकाशा आपल्याच डिस्कवर असल्यासारखा उघडतो. त्याची एक ओळही बदलावी लागत नाही. मला हे आजही अद्भुत वाटतं.

दुसरी गोष्ट त्याहून धीट होती. सर्व्हरने काहीच लक्षात ठेवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

हजरतगंजच्या जीपीओत पत्र टाकताना आपण ‘कालच्याच माणसाला’ असं लिहीत नाही. प्रत्येक पाकिटावर पूर्ण पत्ता असतो, म्हणून पत्र हाताळणाऱ्याला काल काय आलं होतं ते आठवावं लागत नाही. एनएफएसची प्रत्येक मागणी अशीच असते. ‘पुढचं दे’ असं क्लायंट, म्हणजे फाइल मागणारा संगणक, कधी म्हणत नाही. तो म्हणतो, ‘या बिल्ल्याची फाइल, 65536व्या बाइटपासून 8192 बाइट दे.’ बिल्ला म्हणजे फाइल हँडल, तिसऱ्या आवृत्तीत जास्तीत जास्त 64 बाइटांचं. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळतो तसाच हा बिल्ला. त्यावरच्या खुणेचा अर्थ देणाऱ्याला कळतो, आपण तो फक्त जपायचा. उत्तर आलं नाही तर क्लायंट तीच मागणी पुन्हा पाठवतो. तोच तुकडा दोनदा वाचला काय किंवा त्याच जागी तीच अक्षरं दोनदा लिहिली काय, बिघडत काहीच नाही.

(चौथ्या आवृत्तीने सर्व्हरला थोडी स्मृती दिली: कोणी काय उघडलंय, कोणाचं कुलूप कशावर. पण मग सर्व्हर बंद पडून उठला की जुन्या क्लायंटना आपापले हक्क परत सांगायला मुदत द्यावी लागते. लिनक्सवर ती सहसा 90 सेकंदांची असते. आठवणीची किंमत मोजावीच लागते.)

कर्नेल नव्याने बांधायला संध्याकाळ झाली. मशीन परत सुरू झाल्यावर भाच्याने कर्नेलला ओळखीच्या फाइल सिस्टिमची यादी विचारली. त्यात ‘एनएफएस’ होतं आणि त्याच्या आधी शब्द होता ‘नोडेव्ह’: हिच्यामागे इथलं कुठलंही यंत्र नाही. सकाळी जे यंत्र नाही म्हणून अडलं होतं, ते मुळात लागणारच नव्हतं.

माउंट झालं. त्याने एक मोठा नकाशा सर्व्हरवर पाठवायला घेतला, आणि लाइट गेली.

लॅपटॉप बॅटरीवर होता. मागच्या खोलीतून मात्र पंख्याचा आवाज थांबला. थोड्या वेळाने पडद्यावर ओळ आली: सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे. भाच्याचा हात कामाची खिडकी बंद करायला गेला, मी म्हटलं, “थांब रे.”

कारण खरी कमाल आता होणार होती. आधीच्या आवृत्तीत प्रत्येक तुकडा डिस्कवर पक्का लिहिल्याशिवाय सर्व्हर ‘झालं’ म्हणत नसे, त्यामुळे लिखाण संथ चाले. 1995 साली छापलेल्या तिसऱ्या आवृत्तीत तो तुकडा नुसता मेमरीत घेऊनही ‘मिळालं’ म्हणू शकतो. पण मग लाइट गेली की मेमरीतलं सगळं पुसलं जाणार! उपाय असा: ‘मिळालं’ म्हणताना सर्व्हर सोबत 8 बाइटांची एक खूण पाठवतो, आणि ही खूण तो पुन्हा सुरू झाला की बदलते. ‘आता डिस्कवर पक्कं झालं’ हे कळेपर्यंत क्लायंट आपली प्रत टाकून देत नाही. खूण बदललेली दिसली, की मध्ये सर्व्हर पडला होता हे तो ओळखतो आणि पक्कं न झालेलं सगळं पुन्हा पाठवतो. सर्व्हरला आपण पडलो होतो हे आठवत नाही; ते क्लायंटला त्या आठ बाइटांवरून समजतं.

आम्ही अंधारात बसलो. खाली गंजात जनरेटर धडधडू लागले.

अकरा मिनिटांनी लाइट आली, मागच्या खोलीत पंखा घुमला. आणखी दोनेक मिनिटं गेली आणि पडद्यावर दुसरी ओळ उमटली: सर्व्हर ओके. अडकलेली कॉपी पुढे सरकली आणि पुरी झाली. भाच्याने लगेच नकाशा उघडून शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पाहिला. जिन्याची नववी पायरी, तिच्यावरचं माप, सगळं जागेवर होतं.