वजनाची नोंद झाली, खेळाची राहिली

सोलापुरात कष्टकऱ्यांच्या घरातलं लहान मूल किती धावणार, किती उड्या मारणार, हे बहुतेक वेळा त्याच्या आईच्या कामानं ठरवलं. मागच्या दीडशे वर्षांत कामं बदलली आणि मुलांच्या खेळाची जागाही बदलत गेली.

१८७०च्या दशकात इथं पहिली कापडगिरणी उभी राहिली, पाठोपाठ इतर गिरण्या आल्या. बायका गिरणीत लागल्या, तेव्हा तान्ह्यांचं काय, हा प्रश्न आला. १९४८च्या कारखाना कायद्यानं पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया असतील तिथं सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक केलं. १९७६मध्ये ही मर्यादा तीसवर आली. राज्याच्या नियमांत तर पाळणाघराला लागून कुंपण घातलेलं, सावलीचं मैदान हवं, असंही लिहिलं गेलं. मात्र जागा नसेल तर सूट मिळण्याची पळवाटही तिथंच होती. खेळ कागदावर हक्क म्हणून आला तो असा, अर्ध्या मनानं.

पुढं गिरण्यांना एकेक करून टाळं लागलं. घर चालवण्याचा भार विडी आणि यंत्रमागावर आला. १९६६च्या विडी कामगार कायद्यातही पाळणाघराची तरतूद होती, पण ती कारखान्याच्या जागेसाठी. सोलापूरची विडी कामगार बाई पानं आणि तंबाखू घेऊन घरी येते आणि घरीच वळते. तिच्या घराला ते कलम लागू झालं नाही. मग मांडीवर सूप, शेजारी भिजवलेल्या पानांचा गठ्ठा, हातात कात्री आणि दोरा, आणि तीन वर्षांचं पोर हाताच्या अंतरावर. ते उठलं की 'बस खाली, तंबाखू सांडेल'. मागावरच्या घरांत तर सुरू असलेल्या यंत्राजवळ मुलाला जाऊ देणंच धोक्याचं. या आया निष्काळजी नव्हत्या. हजाराच्या हिशेबावर मजुरी मिळते, तेव्हा मुलाला एका जागी बसवणं हीच काळजी ठरते.

अशा मुलांपर्यंत शाळाच न्यावी, हा विचार महाराष्ट्रात आधीच रुजला होता. १९४५मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालवाडी सुरू केली. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढं कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर हे काम वाढलं. पानं, दगड, बिया हेच तिथलं शिक्षणसाहित्य. २ ऑक्टोबर १९७५ला देशात ३३ प्रकल्पांनी एकात्मिक बालविकास सेवा सुरू झाली आणि अंगणवाडी सरकारी झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण-आरोग्य शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा ठरल्या. खेळ शेवटच्या सेवेच्या पोटात गेला.

त्या पन्नास वर्षांचं श्रेय नाकारता येत नाही. वाटी-चमचा घेऊन येणारं मूल निदान काही तास घराबाहेर आलं, त्याचं वजन झालं, लस टोचली गेली. पण सेविकाताईंच्या नोंदवहीत, आणि २०२१नंतर मोबाईलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये, आहार, वजन, उंची यांच्यावरच भर राहिला. मूल एका पायावर किती वेळ उभं राहतं, चेंडू झेलतं का, हे वरून कोणी कडकपणे विचारलं नाही. ज्याची विचारणा होते, ते काम आधी होतं. भाड्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत सतरंजी पसरली, की 'हाताची घडी, तोंडावर बोट' हीच शिस्त सोपी पडते. त्यात सोलापूरचा उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये पारा चाळीशीपार गेला, की सकाळी दहानंतर मुलांना बाहेर काढणंही अवघड.

खासगी नर्सरीतलं चित्रही फार वेगळं नाही. तिथं पालकांनाच तीन वर्षांच्या मुलाच्या वहीत अक्षरं हवी असतात.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये सांगितलं, की तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली ६० मिनिटं दमवणारी. पडद्यासमोर एक तासाहून जास्त नको. २०२४मध्ये आलेल्या केंद्राच्या 'आधारशिला' अभ्यासक्रमानंही तीन ते सहा वयोगटासाठी खेळाला मध्यभागी आणलं. यासाठी महागडी घसरगुंडी लागत नाही. खडूनं आखलेल्या चौकोनांत बेडूकउड्या, दोरीवरून तोल सांभाळत चालणं, रुमालपाणी, शिवणापाणी, मामाचं पत्र हरवलं. खोली लहान असेल तर जागच्या जागी फुगडी.

सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत झाली. २०२४च्या जानेवारीत रे नगर वसाहतीतली पंधरा हजार घरं कष्टकऱ्यांच्या ताब्यात आली. नव्या वस्त्यांतल्या प्रत्येक अंगणवाडीशेजारी सावलीचा एक तुकडा राखून ठेवा, आणि नोंदवहीत वजनाच्या रकान्याशेजारी खेळाचाही रकाना आखा. पालकांनीही एवढं करावं: मूल घरी आलं, की 'आज काय लिहिलंस?' याआधी 'आज काय खेळलास?' असं विचारावं.