दुर्बीणयुक्त रायफलीच्या अचूकतेतील अनियमितता

दुर्बीणयुक्त रायफलीच्या अचूकतेतील अनियमितता म्हणजे एकाच रायफलीतून, एकाच नेमबिंदूवर, सारख्याच काडतुसांनी झाडलेल्या गोळ्या कधी जवळजवळ, तर कधी विखुरलेल्या लागणे. हा दोष दुर्बीण, रायफल, काडतूस किंवा नेमबाज यांपैकी कशातही असू शकतो. लक्ष्यावरील छिद्रे मात्र सारखीच दिसतात. त्यामुळे एका वेळी एकच घटक बदलून पाहणे, हे कारण शोधण्याचे मूलतत्त्व होय.

पुंजका आणि त्याचे मापन

एका नेमबिंदूवर झाडलेल्या गोळ्यांच्या छिद्रांच्या समूहास पुंजका म्हणतात. पुंजका लहान असून नेमबिंदूपासून दूर पडत असेल, तर तो दोष नव्हे. दुर्बिणीचे समायोजन करून तो मध्यावर आणता येतो. पुंजकाच विस्कळीत असेल किंवा त्याची जागा वारंवार बदलत असेल, तर समायोजनाने काहीही साधत नाही.

पुंजक्याचा विस्तार कोनीय मिनिटांत मोजतात. एक कोनीय मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. १०० मीटर अंतरावर तो सुमारे २९ मिलिमीटर भरतो. एकाच रायफलीचा १० गोळ्यांचा पुंजका ३ गोळ्यांच्या पुंजक्यापेक्षा सरासरीने सुमारे दीडपट रुंद असतो. म्हणून तीन गोळ्या योगायोगाने एकत्र लागल्यास रायफल सुधारली, आणि पुढच्या तीन विखुरल्यास ती बिघडली, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. अनेक ‘बिघाड’ प्रत्यक्षात अशा अपुऱ्या चाचणीतून उद्भवलेले भास असतात.

कारणे

दुर्बीण व तिची जोडणी : दुर्बीण रायफलीवर बसवणारी कडी किंवा त्यांखालील पट्टी सैल असल्यास प्रत्येक धक्क्यानिशी दुर्बीण किंचित सरकते. दुर्बिणीतील समायोजनाची यंत्रणा झिजल्यास फुलीच्या रेषा जागच्या जागी राहत नाहीत. स्प्रिंगवर चालणाऱ्या एअर रायफलीत मागे आणि पुढे असा दुहेरी धक्का बसतो. तो सोसण्यासाठी न बनवलेली दुर्बीण त्याने निकामी होऊ शकते. लक्ष्याची प्रतिमा आणि फुली एकाच प्रतलात नसल्यास डोळा हलताच फुलीही लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते. या दोषास पराशय म्हणतात.

नळी व दस्ता : दस्त्याचे स्क्रू सैल होणे, मोकळी असावयास हवी ती नळी दस्त्याला टेकणे, नळीत धातूचा थर साचणे आणि नळीच्या मुखाची कड दुखावणे ही नेहमीची कारणे आहेत. तापलेल्या नळीतून गोळ्या हळूहळू एका दिशेला सरकत जात असतील, तर नळीतील ताण किंवा दस्त्याचा दाब यांचा संशय घेतात.

काडतुसे : एकाच प्रकारच्या काडतुसांच्या निरनिराळ्या उत्पादन-तुकड्यांतही गोळीच्या वेगात फरक पडतो. दूरच्या लक्ष्यावर त्यामुळे गोळ्या वर-खाली विखुरतात.

नेमबाज व हवामान : गाल दस्त्यावर दर वेळी वेगळ्या जागी टेकणे, चाप झटक्याने ओढणे, धक्क्याच्या धास्तीने अंग आखडणे आणि बदलता वारा यांमुळेही पुंजका विस्कटतो.

तपासणीचा क्रम

प्रथम रायफल रिकामी करून तिचे काडतूस-कक्ष डोळ्यांनी पाहून घेतात. सोपे, स्वस्त आणि पूर्ववत करता येणारे उपाय आधी केले जातात. कड्यांचे व दस्त्याचे स्क्रू उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात आवळतात. मग पुढे-मागे भक्कम आधार देऊन, एकाच उत्पादन-तुकडीच्या काडतुसांनी, नळी थंड होऊ देत किमान १० गोळ्या झाडतात. फरक न पडल्यास दुसऱ्या अनुभवी नेमबाजाकडून हीच चाचणी करवून घेतात.

दुर्बिणीची परीक्षा चौकोन-चाचणीने होते. नेमबिंदू तोच ठेवून समायोजन सारख्याच मापाने उजवीकडे, वर, डावीकडे व खाली फिरवत प्रत्येक टप्प्यावर पुंजका घेतात. अखेरचा पुंजका पहिल्यावरच पडला नाही, तर यंत्रणा सदोष मानतात. खात्रीची दुर्बीण बसवून पाहणे हा अधिक निर्णायक उपाय होय. एवढे करूनही दोष उरल्यासच नळीची सफाई, मुखाची तपासणी व शेवटी नळी बदलण्याचा विचार केला जातो. हा क्रम उलटा केल्यास एका सैल स्क्रूपायी चांगली नळी टाकून दिली जाण्याचा संभव असतो.

ऐतिहासिक संशोधन

अमेरिकेतील फ्रँकलिन मॅन यांनी गोळ्या का विखुरतात, याचा दीर्घकाळ प्रायोगिक अभ्यास केला. नेमबाजाचा दोष वगळण्यासाठी त्यांनी जड नळ्या काँक्रीटच्या पायावरील आधारावर ठेवून प्रयोग केले. गोळीच्या टोकापेक्षा तिच्या बुडाला झालेली इजा अचूकतेस अधिक घातक ठरते, असे त्यांना आढळले. त्यांचे ‘द बुलेट्स फ्लाइट फ्रॉम पावडर टू टार्गेट’ हे पुस्तक १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले.

क्रीडाक्षेत्रातील स्थान

ऑलिंपिक रायफल स्पर्धांत दुर्बिणीस परवानगी नसते; तेथे छिद्रयुक्त दर्शिका वापरतात. महाराष्ट्राचे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात मिळवलेले कांस्यपदक अशाच दर्शिकेने नेम धरून मिळवलेले आहे. या प्रकारात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. त्यामुळे काडतुसांची निवड, दस्त्याची जुळणी आणि शरीराची स्थिती यांतील सातत्याचे वरील नियम दुर्बीण नसतानाही तितकेच लागू पडतात.