डिफरन्शियलचे तेल : बदलणे सोपे, पण क्रम पाळूनच

सिन्नर : तालुक्यातील भाजीपाला घेऊन नाशिक-पुणे महामार्गाने नाशिकच्या बाजार समितीकडे निघालेल्या पिकअपला मोहदरी घाट उतरावा लागतो. पाठीवर टनाहून अधिक माल आणि समोर उतार, अशा वेळी चालकाची सारी भिस्त ब्रेकवर असते. या ब्रेकचा मागच्या एक्सलमधील तेलाशी संबंध असतो, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानी येते. इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदलणारे वाहनमालकही डिफरन्शियलच्या तेलाकडे वर्षानुवर्षे ढुंकून पाहत नाहीत. त्यास कारणही आहे. या तेलासाठी ना डॅशबोर्डवर दिवा असतो, ना पातळी तपासण्याची पट्टी. बिघाड समजतो तो बहुधा मागून घोंघावणारा आवाज येऊ लागल्यावर, आणि तोपर्यंत खर्च तेलाचा न राहता क्राऊन-पिनियनचा झालेला असतो.

हे तेल करते काय?

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दंतचक्रांची रचना म्हणजे डिफरन्शियल. इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टची गती येथेच कमी होऊन चाकांचा जोर वाढतो. पिकअपसारख्या वाहनात शाफ्टच्या साधारण चार फेऱ्यांमागे चाकाची एक फेरी होते. या रचनेतील पिनियन बहुतेक वाहनांत क्राऊनच्या मध्यरेषेखाली बसविलेले असते. त्यामुळे दाते एकमेकांवर केवळ फिरत नाहीत, तर घासत सरकतात. या घर्षणात साधे वंगण टिकत नाही. म्हणून गंधक व फॉस्फरसची संयुगे मिसळलेले, दात्यांवर संरक्षक थर धरणारे ‘जीएल-५’ दर्जाचे गिअर ऑइल वापरले जाते. जुन्या तेलाचा उग्र दर्प येतो तो या गंधकामुळेच.

८० डब्ल्यू-९० की ८५ डब्ल्यू-१४०, हे वाहनाच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवावे. गिअरबॉक्ससाठी जीएल-४ सांगितले असल्यास डिफरन्शियलचे उरलेले तेल त्यात ओतू नये. गिअरबॉक्समधील पितळी भागांना ते अपायकारक ठरू शकते. तेल बदलण्याची मुदतही पुस्तिकेत असते. सतत पूर्ण भार, घाटरस्ता किंवा पाण्यातून वाहतूक असेल, तर मुदतीआधीच तेल पाहणे हिताचे.

आधी वरचा नट

गाडी पाच-सहा किलोमीटर चालवून आणावी, म्हणजे तेल पातळ होऊन गाळासह बाहेर येते. त्यानंतर ती सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा व चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. पिकअप उंच असल्याने बहुधा जॅकची गरज पडत नाही. उचलावीच लागली, तर केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली शिरू नये. भक्कम लोखंडी घोडी लावावी आणि गाडी पुढे-मागे समपातळीत ठेवावी. फक्त मागची बाजू उचलल्यास तेलाची पातळी चुकते.

एक्सलच्या फुगीर भागावर दोन नट असतात : वरचा तेल भरण्याचा, तळाचा काढण्याचा. येथे एकच नियम महत्त्वाचा, आधी वरचा नट उघडावा. तळाचा नट सोडून सारे तेल काढून टाकले आणि मग वरचा गंजून बसल्याचे उमगले, तर गाडी जागेवरच अडकते. वरचा नट निघाला की तळाशी भांडे ठेवून खालचा उघडावा. तेल गरम असते, त्यामुळे हातमोजे घालावेत.

तेल निथळून झाल्यावर नट स्वच्छ करून नवे वॉशर घालावे व तळाचा नट पुस्तिकेत सांगितलेल्या जोराने घट्ट करावा. नंतर वरच्या छिद्रातून हातपंपाने नवे तेल भरावे. अनेक वाहनांत ते छिद्राच्या खालच्या काठाशी येऊन ओघळू लागले की पातळी योग्य समजतात. पुस्तिकेत वेगळी पातळी दिली असल्यास तीच प्रमाण मानावी.

जुने तेल काय सांगते?

तळाच्या नटाला अनेकदा चुंबक असते. त्यावर राखाडी, मऊ लेप आढळणे ही नेहमीची झीज होय. बोटाला टोचणारे कण किंवा दात्याचा तुकडा सापडला, तर केवळ तेल बदलून भागणार नाही. गाडी मेकॅनिककडे न्यावी. तेल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे असे समजावे. तापलेला एक्सल पाण्यात बुडाला की आतली हवा थंड होऊन आकसते आणि सीलमधून किंवा हवेच्या नळीतून पाणी आत ओढले जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये सिन्नरच्या सरस्वती नदीला आला तसा पूर असो वा ओढ्यावरचा फरशी पूल, अशा पाण्यातून गाडी गेली असेल, तर तेल तपासणे आवश्यक.

ब्रेकचा धोका येथेच उद्भवतो. एक्सलवरील हवेची नळी, म्हणजे ब्रीदर, मातीने बुजली की गरम तेलाचा दाब सीलवर येतो. सील गळू लागले की तेल मागच्या ड्रममध्ये उतरते आणि ब्रेक लायनर तेलाने भिजतात. त्या चाकाचा ब्रेक मग उतारावर नीट पकडत नाही. गरजेपेक्षा जास्त तेल भरल्यासही गळती होऊ शकते. म्हणून तेल बदलताना ब्रीदर साफ करावा व मागच्या चाकांच्या आतील बाजूस ओल आहे का, ते पाहावे. ओल दिसल्यास सील बदलल्याशिवाय गाडीत माल भरू नये.

काढलेल्या तेलाचे काय?

दोनेक लिटर तेल गटारीत वा बांधावर ओतणे ही क्षुल्लक बाब नव्हे. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी तेल उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे. उन्हाळ्यात टंचाई सोसणाऱ्या सिन्नर तालुक्यात तर विहिरीचे पाणी राखणे अधिकच मोलाचे. जुने तेल झाकणाच्या डब्यात भरून, ते अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे पाठविणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे.

काम संपल्यावर दहा-बारा किलोमीटर फेरी मारून दोन्ही नट पुन्हा पाहावेत. त्या दिवशीचे किलोमीटर एका चिठ्ठीवर लिहून ती गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी. ज्या तेलाची आठवण गाडी स्वतः करून देत नाही, त्याची नोंद मालकालाच ठेवावी लागते.