जुन्या मोटारीचा डॅशबोर्ड : तडे का जातात व ते कसे बुजवावेत

घोडागाडीच्या काळात गाडीवानाच्या पायांपुढे एक उभी फळी बसविलेली असे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अडविणे एवढेच तिचे काम. इंग्रजीत तिला डॅशबोर्ड म्हणत. पुढे घोडा गेला, मोटार आली आणि चिखल अडविण्याची गरज उरली नाही. नाव मात्र टिकले व ते वेग, इंधन आणि उष्णता दाखविणाऱ्या तबकड्यांच्या फलकाला चिकटले.

प्रारंभीची कित्येक दशके हा फलक पत्र्याचा किंवा लाकडाचा असे. तो दिसावयास सुबक असला तरी अपघातप्रसंगी जीवघेणा ठरे. अमेरिकेतील डेट्रॉइट येथील शल्यचिकित्सक क्लेअर स्ट्रेथ यांच्याकडे डॅशबोर्डवर आदळून चेहरा छिन्नविच्छिन्न झालेले रुग्ण येत. हा फलक मऊ असावा व त्यावरील खुंट्या बाहेर आलेल्या नसाव्यात, असा आग्रह त्यांनी १९३० नंतरच्या दशकात धरला. १९५६ साली फोर्ड कंपनीने गिऱ्हाइकाच्या इच्छेनुसार मऊ गादीचा डॅशबोर्ड देण्यास आरंभ केला. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत यासंबंधीचे सरकारी मानक लागू झाले. त्यानुसार ६.८ किलोग्रॅम वजनाचे कृत्रिम मस्तक ताशी २४ किलोमीटर वेगाने डॅशबोर्डवर आदळले असता त्याची गतिमंदता गुरुत्वीय त्वरणाच्या ८० पटींहून अधिक अशी सलग ३ सहस्रांश सेकंदांपेक्षा जास्त वेळ टिकता कामा नये, अशी कसोटी ठरली.

अशा रीतीने डॅशबोर्ड मऊ झाला आणि त्याबरोबरच त्याला एक नवा रोग जडला. पत्रा गंजतो, लाकडावरील पातळ पापुद्रा सुटतो. मऊ डॅशबोर्डला तडे जातात. १९६९ च्या अखेरीस जपानच्या निसान कंपनीने डॅट्सन २४०-झेड ही मोटार बाजारात आणली. अमेरिकेत तिचा मोठा खप झाला. आज या गाडीचा मूळ डॅशबोर्ड अखंड राहिलेला आढळणे ही अपूर्वाई मानली जाते. जुन्या मोटारीच्या दुरुस्तीस प्रथमच हात घालणाऱ्याला हे तडे पाहून वाटते, की भेग लांबीने बुजवावी, वरून रंग द्यावा, की काम संपले. परंतु अशी दुरुस्ती बहुधा एकदोन उन्हाळेसुद्धा टिकत नाही. असे का होते हे कळावयास या वस्तूची घडण प्रथम पाहिली पाहिजे.

तीन थरांची घडण

२४०-झेडचा डॅशबोर्ड तीन थरांचा असतो. सर्वांत आत पोलादी सांगाडा, त्यावर पॉलियुरेथेन फोमची गादी आणि सर्वांत वर पीव्हीसीचे कातड्यासारखे दाणेदार आवरण. व्यवहारात या आवरणाला व्हिनिल म्हणतात.

पीव्हीसीचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १८७२ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान यांच्या प्रयोगशाळेत व्हिनिल क्लोराइड वायूची कुपी उन्हात राहिली आणि तीत पांढरा घन पदार्थ तयार झालेला दिसला. तोच पीव्हीसी होय. शुद्ध स्थितीत तो कठीण व ठिसूळ असतो. १९२६ साली अमेरिकेतील गुडरिच कंपनीचे वाल्डो सेमन यांनी मंदगतीने उडणाऱ्या द्रवात तो तापवून मिसळला, तेव्हा रबरासारखा लवचिक पदार्थ हाती आला.

यातील मर्म असे की, व्हिनिलचा मऊपणा हा पीव्हीसीचा स्वतःचा गुण नव्हे. तो त्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्याचा गुण आहे. या द्रव्यास येथे ‘नरमकारक’ म्हणू. पीव्हीसीचे रेणू लांबलचक साखळ्यांसारखे असतात. नरमकारकाचे लहान रेणू त्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांना एकमेकींपासून दूर ठेवतात. त्यामुळे साखळ्या सहज सरकतात. मात्र ही दोन द्रव्ये रासायनिक बंधाने बांधलेली नसतात. म्हणूनच नरमकारक हळूहळू बाहेर पडू शकते.

तडा कसा पडतो

नरमकारक बाहेर काढणारी मुख्य शक्ती उष्णता होय. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातील टेंपी येथे उन्हाळ्यात केलेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत, तासभर उन्हात उभ्या राहिलेल्या मोटारींच्या डॅशबोर्डचे तापमान सरासरी ६९ अंश सेल्सिअस भरले. सावलीतील मोटारींत ते ४८ अंश होते. इतक्या उष्णतेने नरमकारकाची वाफ होते व तिचा काही भाग पुढच्या काचेच्या आतील बाजूवर जमतो. उन्हात राहणाऱ्या मोटारीच्या काचेवर जो चिकट, धुरकट थर येतो त्यात हे द्रव्य असते. काही द्रव्य खालच्या फोममध्येही झिरपते.

प्रकाशही आपले काम करीत असतो. काच अतिनील किरणांपैकी अधिक तीव्र किरण अडविते. परंतु उरलेले किरण आणि उष्णता मिळून पीव्हीसीच्या साखळ्यांमधून हायड्रोजन क्लोराइड हा आम्लधर्मी वायू सोडवितात. साखळ्या ठिसूळ होतात व रंग पिवळट-तपकिरी होतो. खालचा फोमही प्राणवायूच्या संयोगाने चुरा होऊ लागतो. संग्रहालयांतील वस्तूंचे जतन करणारे तज्ज्ञ ज्या प्लॅस्टिकांना सर्वाधिक अस्थिर मानतात, त्यांत नरम पीव्हीसी व पॉलियुरेथेन फोम या दोहोंची गणना होते. आणि डॅशबोर्डमध्ये ही दोन्ही एकत्र नांदतात.

नरमकारक गेले की आवरणाचे आकारमान घटते, म्हणजे आवरण आकसते. पण खालचा पोलादी सांगाडा आकसत नाही. परिणामी आवरण ढोलावरील कातड्याप्रमाणे ताणले जाते. त्यात तापमानाच्या दैनंदिन चढउताराची भर पडते. तापमान ५० अंशांनी वाढले असता एक मीटर लांबीचे पोलाद सुमारे ०.६ मिलिमीटर वाढते; तेवढ्याच लांबीचे पीव्हीसी साडेतीन मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक वाढू पाहते. रोज दुपारी फुगणे आणि रोज रात्री आवळणे असा हा क्रम वर्षानुवर्षे चालतो. अखेर जेथे ताण एकवटतो तेथे, म्हणजे तबकड्यांच्या भोकांच्या कडा, स्क्रूची छिद्रे, हवेच्या झरोक्यांचे कोपरे अशा ठिकाणी, आवरण फाटते. फाटलेल्या कडा वर वळतात, कारण आवरणाचा वरचा भाग खालच्यापेक्षा अधिक आकसलेला असतो.

तात्पर्य, तडा हा मूळ रोग नसून त्याचे लक्षण आहे. हरवलेले नरमकारक वरून तेल वा पॉलिश चोळून परत घालता येत नाही. ते कारखान्यात उष्णतेच्या साहाय्याने पीव्हीसीत एकजीव केलेले असते.

आधी परीक्षा

नवशिक्याने हत्यार उचलण्यापूर्वी बोटांनी परीक्षा करावी. तड्याच्या दोन्ही अंगांस आवरण दाबून पाहावे. ते थोडेसे लवत असेल व फोमला चिकटून असेल, तर बुजविण्याची दुरुस्ती टिकण्याची आशा आहे. दाबताच कुरकुर आवाज होत असेल, फोम पिठासारखा गळत असेल किंवा तडे सर्वत्र पसरले असतील, तर बुजविण्यात श्रम दवडू नयेत. अशा वेळी दोनच मार्ग उरतात. डॅशबोर्ड काढून जाणत्या कारखान्यात नवे आवरण चढवून घेणे हा पहिला. बाजारात मिळणारे साच्यातले पातळ टोपण वरून बसविणे हा दुसरा. टोपण स्वस्त व सोपे असते. परंतु ते गोंदाने पक्के केल्यावर पुन्हा काढताना खालचे मूळ आवरण फाटून निघण्याचा संभव असतो.

आणखी एक मार्ग आहे, तो म्हणजे काहीही न करणे. गाडी दुर्मीळ असून तडे किरकोळ असतील, तर मूळ आवरण हे त्या काळच्या कारागिरीची साक्ष असते. ते एकदा घासले की परत मिळत नाही.

बुजविण्याची रीत

प्रथम बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडवावी. डॅशबोर्डमागे उघड्या तारांचे जाळे असते. काहीही सुटे करण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत व प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधावी.

नंतर सौम्य साबणाच्या पाण्याने व त्यामागून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पृष्ठभाग पुसावा. पूर्वी लावलेल्या चमकदार पॉलिशमधील सिलिकोन राहिल्यास लांबी व रंग धरत नाहीत; म्हणून दर वेळी स्वच्छ फडके घेऊन ही क्रिया अनेकदा करावी. अल्कोहोलने मूळ रंग सुटत नाही ना, हे आधी आडोशाच्या जागी पाहून घ्यावे.

यानंतर धारदार पात्याने तड्याच्या वर वळलेल्या कडा छाटून त्या आजूबाजूच्या पातळीखाली आणाव्यात व भेगेला इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा आकार द्यावा. तड्याची टोके अणकुचीदार न ठेवता गोल कापावीत. अणकुचीदार टोकाशी ताण एकवटून तडा पुढे सरकतो. गोलाईत तो विभागला जातो. सबंध रीतीत नवशिक्याकडून सर्वाधिक दुर्लक्ष होते ते याच पायरीकडे.

भरण्यासाठी मोटारीच्या पत्र्याला वापरतात ती कडक लांबी घेऊ नये. आवरण हलते, ही लांबी हलत नाही; त्यामुळे तिच्या कडेनेच नवा तडा उघडतो. दोन भाग मिसळून तयार होणारी, वाळल्यावरही लवचिक राहणारी प्लॅस्टिकसाठीची लांबी घ्यावी. पातळ पट्टीने ती थराथराने भरावी आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा. काम मध्यम तापमानात करावे. कडक उन्हात भेग आवळलेली असते. तेव्हा भरलेली लांबी थंडीत ताणली जाते. कडाक्याच्या थंडीत भेग रुंदावलेली असते. तेव्हा भरलेली लांबी उन्हाळ्यात वर फुगते.

वाळल्यावर १८० व मग ३२० क्रमांकाच्या पॉलिशपेपरने लाकडी ठोकळ्याच्या आधारे घासावे. गुळगुळीत झालेल्या जागी दाणे आणण्यासाठी दाणेदार लेपाचा विरळ फवारा मारतात. शेवटी व्हिनिलसाठीचा लवचिक रंग अनेक पातळ हातांत द्यावा. तो चकचकीत नसावा. चकचकीत डॅशबोर्डचे प्रतिबिंब काचेत पडून चालकाची दृष्टी दिपते. हे सारे आधी टाकाऊ व्हिनिलच्या तुकड्यावर करून पाहणे शहाणपणाचे होय.

दक्षता

पॉलियुरेथेनच्या काही लांब्या व रंग यांत आयसोसायनेट वर्गाची द्रव्ये असतात. त्यांच्या वाफेने कायमचा दमा जडू शकतो. अशी द्रव्ये बंद गॅरेजात वापरू नयेत. डब्यावरील सूचना वाचून योग्य श्वसन-मुखवटा वापरावा. नुसते कापडी फडके तोंडाला बांधणे निरुपयोगी आहे. घासताना उडणारी धूळही श्वासावाटे आत जाऊ देऊ नये. व्हिनिलला ज्योत लावू नये, कारण त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो.

दुसरी दक्षता समजुतीविषयीची आहे. या रीतीने डॅशबोर्डचे रूप परत येते, गादीचे बळ येत नाही. ठिसूळ झालेला फोम आघात शोषून घेण्याचे काम पूर्वीप्रमाणे करील असा भरवसा धरता येत नाही. ज्या हेतूने डॅशबोर्ड मऊ करण्यात आला, तो हेतू रंगाच्या लेपाने साधत नाही. म्हणून दुरुस्त केलेल्या मोटारीतही सुस्थितीतील सुरक्षापट्टे असणे अगत्याचे आहे.

दुरुस्तीनंतरची निगा

ज्या कारणाने तडा पडला ते कारण दुरुस्तीनंतरही चालूच असते. तेव्हा गाडी सावलीत ठेवावी. ते शक्य नसेल तर पुढच्या काचेआड उष्णता परतविणारा पडदा लावावा. पुसण्यास ओलसर फडके पुरते. तेलकट चमक देणारी पॉलिशे टाळावीत, कारण पुढच्या दुरुस्तीस ती बाधक ठरतात. टेंपीच्या मोजणीत ऊन व सावली यांमध्ये आढळलेला एकवीस अंशांचा फरक ध्यानात ठेवावा. आवरणात अजून शिल्लक असलेले नरमकारक टिकविण्याचा, आणि म्हणून नवा तडा लांबविण्याचा, नवशिक्याला बिनखर्चाने साधणारा उपाय सावली हाच होय.