पेराएवढे शिपाई

साठी उलटलेला एखादा इंग्रज पेन्शनर टेबलाशी बसून प्लास्टिकच्या शिपायांना रंग देत आहे, हें दृश्य पाहून आपल्याकडील पाहुण्यास हसूंच येईल. पण हीं खेळणीं नातवांसाठीं नसतात. सुप्रसिद्ध कादंबरीकार एच. जी. वेल्स यानें १९१३ सालीं ‘लिटल वॉर्स’ हें पुस्तक लिहून अशा शिपायांच्या लढायांचे नियम घालून दिले, आणि पुस्तकाच्या उपशीर्षकांतच खेळाडूच्या वयाची मर्यादा दीडशे वर्षांपर्यंत नेऊन ठेवली! त्या काळचे शिपाई शिशाचे असत. आज प्लास्टिकचे पुष्कळ मिळतात.

त्यांची उंची सुमारे २८ मिलीमीटर, म्हणजे बोटाच्या पेराएवढी. त्यावर पट्टे, गुंड्या, चेहरा रंगवावयाचा. आणि रंगविणाराच्या डोळ्यांवर चाळिशी, हातास किंचित् कंप. मग हें साधतें कसें?

हाताची युक्ति सोपी आहे. शिपाई बाटलीच्या बुचावर चिकटवून तें बूच डाव्या हातांत धरावें, कोपरें टेबलावर ठेवावीं व दोन्ही मनगटें एकमेकांस टेकवावीं. म्हणजे हात हलले तरी ते बरोबरच हलतात, आणि कुंचला व शिपाई यांमधील अंतर फारसें बदलत नाहीं.

डोळ्यांचें काम बरेंचसें रंगच करतो. शिपाई साबणाच्या पाण्यानें धुवावा, अस्तर द्यावें, मग पाण्यांत मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगांचे सपाट हात द्यावेत. एवढ्यानें तो अगदींच निर्जीव दिसतो. कारण इतक्या लहान अंगावरची खरी सावली डोळ्यांत भरत नाहीं, ती रंगवावीच लागते. त्यासाठीं गडद तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून सर्वांगावर सोडावा. तो उंचवट्यांवरून ओघळून कोटाच्या चुण्यांत, पट्ट्यांच्या कडांशीं जाऊन बसतो. कापऱ्या हातानें जी रेघ कधींच ओढली गेली नसती, ती आपोआप उमटते! वाळल्यावर, फडक्यावर पुसून जवळजवळ कोरडा केलेला कुंचला फिकट रंगानिशीं वरवर फिरवावा. तो रंग केवळ उंचवट्यांनाच लागतो.

रंगांची निवड मात्र अभ्यासाची बाब आहे. १८१५ च्या वॉटर्लूच्या इंग्रज पलटणींस सरसकट एकच तांबडा रंग देणें ही नवख्याची चूक होय. साध्या शिपायाचा कोट मंजिष्ठेनें रंगविलेला, विटकरी छटेचा असे. अधिकाऱ्याचा महागड्या रंगाचा, लखलखीत लाल.

बुबुळें रंगविण्याचा हट्ट सोडावा, हें उत्तम. हातभर अंतरावरचा हा शिपाई सुमारे चाळीस मीटरांवर उभ्या असलेल्या माणसाएवढा दिसतो. तितक्या दुरून बुबुळें कोणाचीं दिसतात?